पॅलिसेड्स पार्क (न्यू जर्सी): शेजारच्या कोरियन आजी-आजोबांना घरी बोलवायचंय

डोंबिवलीकर_मृ:
नमस्कार. जूनमध्ये आम्ही पॅलिसेड्स पार्कला एका डुप्लेक्सच्या अर्ध्या भागात राहायला आलो. दुसऱ्या अर्ध्यात कोरियन आजी-आजोबा आहेत. चाळीसेक वर्षं अमेरिकेत आहेत एवढंच कळलंय. आम्ही आलो त्या आठवड्यात आजी टॉयलेट पेपरचा मोठा गठ्ठा आणि कपड्यांच्या साबणाचा डबा देऊन गेल्या. माझी आई सध्या इकडे आली आहे. तिला वाटलं, हे आपल्याला अस्वच्छ समजतात की काय! रोज सकाळी एक व्हॅन येते, दोघं नीटनेटके कपडे करून जातात आणि दुपारी परततात. या वयात नोकरी करतात का? आई आणि त्या आजी संध्याकाळी पायरीवर बसून खुणांनी बोलतात, दोघींना ते आवडतं. त्यांना जेवायला बोलवायचंय. आम्ही शाकाहारी आहोत. काय करावं, काय टाळावं?

बर्गनची_सून:
ताई, आईंना आधी सांगा की तो आहेर होता. नव्या घरात जाणाऱ्याला कोरियन लोक हेच देतात. कागद जसा सरसर उलगडतो तशी कामं मार्गी लागोत आणि फेसासारखी भरभराट होवो, अशी त्यामागची भावना. नव्याने आलेल्याने शेजाऱ्यांना लाल चवळीसारख्या दाण्यांचा, तांदळाच्या पिठाचा वाफवलेला केक वाटायची रीत आहे. गावातल्या मुख्य रस्त्यावर, ब्रॉड अव्हेन्यूवर, तो तयार मिळतो. उशीर झाला तरी जरूर द्या, आणि दोन्ही हातांनी द्या.

माझे सासू-सासरे कोरियन आहेत आणि याच गावात राहतात. १९८३ साली मामेसासऱ्यांनी त्यांना बोलावून घेतलं. १९६५ च्या कायद्याने भावंडांना बोलावता यायला लागलं होतं, त्या वाटेने इथली कितीतरी कुटुंबं आली. आधी न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगला एक खोली, मग इथे. सासूबाईंनी शेजारच्या गावात ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलं. सकाळी सातला शटर वर, संध्याकाळी सातला खाली, सोमवार ते शनिवार. रविवारी चर्च, आणि तिथेच दुपारचं जेवण. आपल्या बर्गन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) रविवारी कपड्यांची दुकानं, मॉल कायद्यानेच बंद असतात, त्यामुळे मुलांना नवे कपडे घ्यायलाही त्यांना सवड व्हायची नाही, असं त्या सांगतात.

एवढी वर्षं राहून इंग्रजी कसं येत नाही, असं लोक सहज विचारतात. मला त्याचा राग येतो. त्यांना इंग्रजी येतं, पण ते दुकानाचं. स्टार्च हवा का, कॉलरवरचा डाग कशाचा, मंगळवारी मिळेल. गिऱ्हाइकाच्या घरातली लग्नं आणि मयतं त्यांना सुटाच्या रंगावरून कळत. पण छातीत कसं दुखतं हे डॉक्टरला सांगायचे शब्द काउंटरवर शिकायला मिळत नाहीत. म्हणून डॉक्टर, बँक, औषधांचं दुकान, केस कापणारी, सगळं कोरियन बोलणारं आणि चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं हे गाव त्यांना हवं होतं. २०१० च्या जनगणनेत इथले निम्म्याहून जास्त लोक कोरियन होते. काउंटीच्या मतपत्रिका कोरियनमध्येही छापतात. सासूबाई मतदानाच्या आदल्या रात्री चष्मा लावून उमेदवारांची यादी वाचतात, मधे कोणी बोललेलं चालत नाही.

ती व्हॅन बहुतेक ज्येष्ठांच्या दिवसभराच्या केंद्राची असणार. तिथे व्यायाम, गाणी, भात आणि सूप, रक्तदाब तपासणी. सासरे सुरुवातीला जायला तयार नव्हते. आता बुद्धिबळासारख्या त्यांच्या खेळाचा भिडू वेळेवर आला नाही तर घरी येऊन कुरकुर करतात.

एक गोष्ट जपून. 'तुमचं गाव कुठलं' हे पहिल्याच भेटीत खोदून विचारू नका. माझ्या सासऱ्यांचं जन्मगाव आता उत्तर कोरियात आहे. कोरियन युद्धात त्यांना लहानपणी पाठीवर बांधून दक्षिणेला आणलं. चुसॉक या त्यांच्या सुगीच्या सणाला लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, यांना जायला जागाच नाही. सेऊलला परत जाण्याचा विचार त्यांनी केला होता. कायमचं परतणाऱ्या ६५ वर्षांपुढच्यांना कोरिया २०११ पासून परदेशी नागरिकत्व राखून आपलं नागरिकत्व परत देतो (आपल्याला ओसीआयवर, म्हणजे नागरिकत्वाऐवजी नुसत्या कार्डावर, भागवावं लागतं). ते जाऊन राहून आले. चाळीस वर्षांपूर्वीचं शहर उरलं नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं. परत आल्यावर म्हणाले, इथे निदान न्हाव्याला माझं नाव माहीत आहे.

जेवायला मुगाची धिरडी करा. भिजवलेल्या मुगाची त्यांचीही धिरडी असतात, सासऱ्यांना माझी फार आवडतात. मोड आलेल्यांची उसळ, काकडीची कोशिंबीर, मऊ चिकट भात. बासमती त्यांना कोरडा लागतो. वयाने मोठ्याने आधी घास घ्यायचा असतो, तोवर मुलांना थांबवा.

फोर्टली_नाना:
सूनबाईंना पूर्ण अनुमोदन. शाकाहाराबद्दल एकच सांगतो. आजी किमची देणारच, आणि तिच्यात बहुधा खारवलेला जवळा किंवा मासळीचा रस असतो. प्रेमाने घ्या, मग कुणाकडून तरी कोरियनमध्ये 'आम्ही मासळीही खात नाही' असं कागदावर लिहून घेऊन दाखवा. नुसतं 'नो मीट' म्हटलं तर मासे त्यात धरत नाहीत. माझ्या शेजारणीला हे कळल्यावर तिने आमच्यासाठी मीठ-लसणाची वेगळी बरणी घातली.

आणि आई फिरायला जातात तर त्यांना ग्रंथालयापाशी न्या. जपानी सैन्याने जबरदस्तीने नेलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ २०१० मध्ये बसवलेला फलक तिथे आहे. त्यावर काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांगा.

ओवी_एडिसन:
२०२५ मध्ये चुसॉक आणि कोजागिरी एकाच दिवशी होती, ६ ऑक्टोबरला! आमच्या मजल्यावरच्या कोरियन काकूंनी तिळाचं सारण भरलेले तांदळाचे अर्धचंद्र दिले. आईने ते पाहिले आणि म्हणाली, उकड चांगली जमली आहे.

डोंबिवलीकर_मृ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. ती लगेच मूग भिजत घालायला निघाली, तिला थांबवलंय. आधी केक देऊन येतो. शनिवारी संध्याकाळी बोलवू का? रविवारी चर्च असेल ना?

बर्गनची_सून:
शनिवारच बरा. पाचला बोलवा, ही मंडळी सहाच्या आत जेवतात. आणि पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या ठेवा. ज्यांनी आयुष्यभर उभ्याने इस्त्री केली, त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही.