आठवड्यातून एक-दोनदाच वापरायचा, तर ब्रेस्ट पंप कोणता घ्यावा?

नवी_आई: बाळ दोन महिन्यांचं, पूर्ण अंगावर पितं. आठवड्यातून एक-दोनदा मी तीन-चार तास बाहेर असेन, तेव्हा एका वेळेपुरतं दूध काढून ठेवायचंय. हाताचा पंप पुरेल की इलेक्ट्रिक घ्यावा? हाताच्या पंपाने दुखतं असं बऱ्याच जणी म्हणतात.

मापपट्टी: एवढ्यासाठी हाताचा पुरेल. दुखण्याचं कारण बहुतेक वेळा फ्लँजचं (स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाचं) चुकीचं माप असतं, आणि तसं असेल तर इलेक्ट्रिकनेही दुखणारच. पाजण्याआधी स्तनाग्राचा बुडाशी व्यास मोजा (भोवतालचा काळा भाग सोडून). तो १७ मिमी असेल तर १७ ते २० मिमीचा फ्लँज बघा. खोक्यात बऱ्याचदा २४ मिमीचा येतो आणि अनेकींना तो मोठा पडतो. मग काळा भाग आत ओढला जातो, सूज येते, दूधही कमी निघतं. लहान पडला तर स्तनाग्र कडेला घासतं. पंप घेण्याआधी त्या मॉडेलचे इतर मापांचे फ्लँज किंवा आत बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा मिळतात का, हे आधी पाहा. बाकी जाहिरातीतलं सगळं दुय्यम.

शांत_दुपार: वरच्याशी सहमत, पण मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखत असेल (बाळ उचलून उचलून पुष्कळ जणींचा दुखतो) तर एका बाजूचा साधा इलेक्ट्रिक घ्या. क्लोज्ड सिस्टीमचाच, म्हणजे दूध नळीत किंवा मोटरमध्ये शिरत नाही. दुसऱ्या कुणी वापरलेला ओपन सिस्टीमचा पंप नकोच, आतला भाग साफ करता येत नाही.

काढायची पद्धत अशी, पान्हा फुटेपर्यंत एक-दोन मिनिटं भराभर, हलके दाब. धार लागली की सावकाश आणि लांब. ओढ सोसेल तितकीच ठेवा. जास्त ओढलं म्हणून जास्त दूध येत नाही, उलट दुखलं की पान्हा अडतो. सकाळच्या पाजण्यानंतर तासाभराने काढून बघा.

नवी_आई: आणि ३० मिलीच निघालं तर?

शांत_दुपार: पाजल्यानंतर तेवढंच निघणं नेहमीचं आहे. एका वेळेला साधारण ९० ते १२० मिली लागेल, म्हणून दोन-तीन दिवस थोडं थोडं साठवा. ताजं दूध फ्रीजमध्ये गार करून मगच आधीच्या गार दुधात ओता. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस. दारातल्या कप्प्यात नको. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, मधेच चटका बसेल इतकं तापतं.

मापपट्टी: एक राहिलं. काही दिवसांनी ओढ कमी वाटली तर पंप बिघडला असं समजू नका, आधी चोचीसारखा सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बघा. ब्रशने घासला की त्याची फट फाटते. तो बोटांनीच साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. डायाफ्रामची (ओढ तयार करणाऱ्या लवचिक पडद्याची) कड नीट बसली नसली तरीही हवा गळते. फ्लँजवर तळवा दाबून दांडा ओढा, तळवा चिकटला पाहिजे. व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, एक जास्तीचा घेऊन ठेवा. आणि बाहेर जाताना पंप सोबत न्या. तीन-चार तासांत छाती भरून जड झाली तर आराम वाटण्यापुरतंच काढा. रोज पूर्ण रिकामी करत बसलात तर दूध गरजेपेक्षा जास्त यायला लागेल. गाठ, लाली आणि ताप एकत्र आले तर डॉक्टरांकडे जा.