मदत हवी आहे: 14 × 12च्या हॉलसाठी 15 हजारांत स्पीकर, मुख्यतः गायन ऐकायला

मंद्रसप्तक:
मंडळी, इंदूरच्या घरासाठी स्पीकरची जोडी घ्यायची आहे. माहिती आधीच सगळी देतो, म्हणजे पुन्हा विचारावी लागणार नाही.

हॉल 14 फूट लांब, 12 फूट रुंद, छत 10 फुटांवर. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका लांब भिंतीला मोठी सरकती खिडकी, पडदे पातळ. अँप्लिफायर घरात आहे: स्टिरिओ, दर चॅनेलला 30 वॉट आरएमएस (सलग देता येणारी शक्ती), मागे टर्मिनलांपाशी ‘8 ओहम किमान’ असं छापलंय. ब्लूटूथ नाही, आरसीएच्या (लाल-पांढऱ्या गोल भोकांच्या) तीन जोड्या आहेत. गाणं लॅपटॉपवरून लागेल. बजेट सगळं मिळून 15 हजार.

ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन. उस्ताद अमीर खाँसाहेब आणि कुमारजी सगळ्यात जास्त, त्यामुळे जुनी मोनो (एकाच चॅनेलची) ध्वनिमुद्रणं पुष्कळ. खाँसाहेबांचा मंद्रातला आलाप आणि तंबोऱ्याचा खर्ज (सर्वांत खालच्या सुराची तार) नीट यायला हवा, छाती हादरवणारा धमाका नको. आवाज फार मोठा लावत नाही, शेजार आहे.

प्रश्न तीन. 30 वॉट पुरतील का? चार इंची वूफर (खालचे सूर देणारा शंकू) चालेल का पाच-साडेपाच इंचीच घ्यावा? आणि वेगळा सबवूफर (फक्त खालच्या सुरांची पेटी) लागेल का?

सोल्डरगन:
वॉटचा प्रश्न आधी मिटवू. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, समजा 88 डेसिबल. म्हणजे 1 वॉट दिला की 1 मीटरवर 88. तुम्ही अडीच मीटरवर बसलात तर मोकळ्या मैदानात 8 डेसिबल कमी झाले असते, पण दुसरा स्पीकर आणि भिंती मिळून त्यातले निम्मे तरी परत देतात. म्हणजे एका वॉटला तुमच्या कानाशी 84च्या आसपास. घरात बसून गाणं ऐकायचा आवाज साधारण 70-75 असतो. तबल्याची थाप त्यावर 20 डेसिबलनं उसळून 95 झाली, तरी 12-13 वॉटमध्ये भागतं. तीस पुष्कळ झाले. तीसचे साठ केलेत तर जेमतेम 3 डेसिबल वाढतील, त्यासाठी नवा अँप घेऊ नका. खोक्यावर पीएमपीओ म्हणून जो फुगवलेला आकडा असतो तो वाचूच नका, फक्त आरएमएस बघा.

ओहमच्या बाबतीत मात्र सूट नाही. 8 ओहम किमान म्हणजे 8च. 4 ओहमचा स्पीकर त्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढतो, हीटसिंक तापते, अँपमध्ये प्रोटेक्शन असेल तर रिले पडून आवाज बंद होतो, नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. आणि इथे एक फसगत होते, ती लक्षात ठेवा. सेन्सिटिव्हिटी बरेचदा ‘2.83 व्होल्टला 90 डेसिबल’ अशी लिहितात. 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॉट, पण 4 ओहमला तेच 2 वॉट होतात. त्यामुळे 4 ओहमवाल्याच्या आकड्यातून 3 वजा करून मगच तुलना करायची.

डग्गा:
वूफरबद्दल मी सांगतो. काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरली तर पुरुष गायकाचा मध्य षड्ज 139 हर्ट्झपाशी येतो आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झ. डग्ग्याची घुमारही त्याच भागात. चार इंची वूफरच्या लहान पेट्या बहुतेक 70-80च्या आसपासच उतरणीला लागतात. खर्ज अगदी नाहीसा होत नाही. जवारीमुळे, म्हणजे झंकारामुळे, तारेत वरचे स्वयंभू स्वर इतके असतात की मूळ सूर कानच भरून काढतो. पण खालून जो भरीव आधार मिळतो तो पातळ होतो, आणि खाँसाहेबांचं विलंबित ऐकताना नेमका तोच लागतो. म्हणून पाच ते साडेपाच इंची घ्या.

माहितीपत्रकावर ‘55 हर्ट्झपासून’ लिहिलेलं दिसलं की लगेच पुढे बघा, ±3 डेसिबल लिहिलंय का −10. दहा डेसिबल पडलेला खर्ज मोजमापात असतो, ऐकण्यात नसतो. पुढे काहीच लिहिलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर नुसत्या तंबोऱ्याची दोन मिनिटं घेऊन जा. पंचम, जोड, खर्ज अशा चार तारा वेगवेगळ्या ऐकायच्या. पेटी बरी नसली तर खर्ज ‘भुम्’ होऊन पुढच्या पंचमावर सांडतो, किंवा जोड आणि खर्ज सारख्याच जाडीचे वाटतात. दुकानदार लावतो ते सिनेमातलं गाणं ऐकून यातलं काही कळत नाही. बास आणि ट्रेबलची बटणं मधोमध ठेवायला सांगा, लाउडनेस बंद.

8 ओहम आणि पाच-सव्वापाच इंची यात बसणारी नावं म्हणजे पोल्क टी15 आणि व्हार्फडेल डायमंड 12.1. डायमंड नवी घेतली तर बजेटबाहेर जाईल, वापरलेली जोडी मिळाली तर जरूर बघा. भाव हलत राहतात, दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

पडदा:
एवढ्या पैशात सबवूफरसकट 5.1चा (पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर) अख्खा संच येतो की. ब्लूटूथ, रिमोट, सगळं.

डग्गा:
येतो, पण गायनासाठी तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्यातले छोटे स्पीकर अडीच-तीन इंची असतात, ते 150-200 हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत. त्याखालचं सगळं सबवूफरवर टाकलेलं असतं. मग गायक मध्य षड्जावरून खाली उतरला की आवाज टीव्हीच्या बाजूनं निघून कोपऱ्यातल्या पेटीत जातो. एकाच गळ्याचे दोन तुकडे होतात. शिवाय स्वस्त सबवूफर एकाच सुरात घुमतो, डग्ग्यावरची मींड त्यात सपाट होते. 15 हजार सहा पेट्यांत वाटण्यापेक्षा दोन पेट्यांत घातलेले बरे.

घरात अँप नसता तर अँप आतच असलेली जोडी सुचवली असती, उदाहरणार्थ एडिफायर आर1280टी: चार इंची वूफर, दोन्ही मिळून 42 वॉट आरएमएस, ब्लूटूथ हवं तर आर1280डीबी. यांच्याकडे चालू अँप आहे, तेव्हा तो वापरावा.

रामबागकर:
स्पीकर ठरवण्याआधी खोलीचं बघा. या हॉलमध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा धातूसारखा आवाज आला तर कुठलाही स्पीकर लावला तरी ‘स’ आणि ‘श’ टोचणार. उपाय महाग नाहीत. स्पीकर आणि तुमच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, 6 × 4 फूट तरी. खिडकीला जाड कापडाचे, चुण्या पडतील असे पडदे, म्हणजे खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड. समोरच्या लांब भिंतीसाठी आरशाची युक्ती करा: तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्या कुणीतरी भिंतीला टेकवून आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकरचा ट्वीटर (वरचे सूर देणारा छोटा घुमट) दिसला की त्या जागी पुस्तकांचं कपाट ठेवा किंवा गोधडी टांगा.

मांडणी 12 फुटी भिंतीशी करा. दोन स्पीकरमध्ये साडेसहा फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेतीन-पावणेतीन उरतात. मागच्या भिंतीपासून पेटीची पाठ सव्वा फूट पुढे. पेटीचं भोक मागच्या बाजूला असेल तर यापेक्षा जवळ नकोच. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका.

कुठे बसता ते नाही सांगितलंत. जमिनीपासून कानापर्यंतची उंची मोजून कळवा.

मंद्रसप्तक:
टाळी वाजवून पाहिली, तसाच टर्रर्र येतो. सतरंजी घालतो.

मी खाली गादीवर बसतो, समोरच्या भिंतीला टेकून. कान 76 सें.मी. वर. वडील शेजारी खुर्चीवर, त्यांचा 108.

रामबागकर:
दोन गोष्टी. भिंतीला टेकून बसू नका. 14 फूट लांबीत 40 आणि 80 हर्ट्झच्या लाटा उभ्या राहतात आणि भिंतीशी त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो, डग्गा अंगावर येईल. गादी चार फूट पुढे ओढा, लोड घ्या. स्पीकरपासून साडेसात फूट होतील, ते योग्य आहे.

उंचीचं. ट्वीटर आणि कान एका पातळीत हवेत. फार वर-खाली झालं की वूफर आणि ट्वीटरचे आवाज कानापर्यंत मागेपुढे पोचतात आणि दोघांच्या सांध्यापाशी, 2-3 किलोहर्ट्झला, खड्डा पडतो. शब्दांची स्पष्टता तिथेच असते. तुमच्या दोघांच्या मधली उंची 92. साडेसात फुटांवर 16 सें.मी.चा फरक म्हणजे जेमतेम 4 अंश, तो चालतो. ट्वीटर पेटीच्या तळापासून 22 सें.मी.वर असला तर स्टँड 70चा.

स्टँड विकत घेऊ नका, लोखंडी काम करणाऱ्याकडून करून घ्या. 50 मि.मी.चा चौकोनी पाइप, खाली 300 × 300 आणि 5 मि.मी. जाडीची प्लेट, वर पेटीच्या तळापेक्षा थोडी लहान प्लेट. वरची प्लेट वेल्ड करण्याआधी पाइपात वाळू भरायची, एका स्टँडला दोन किलोच्या आसपास. वाळू चाळलेली आणि उन्हात कडक वाळवलेली हवी, ओलसर राहिली तर पाइप आतून गंजतो. वाळूशिवाय पाइपावर टिचकी मारा, टण् वाजेल. भरल्यावर ठक्. तो टण् तुमच्या गाण्यात नको. पेटीखाली चार रबरी बुटं, खालच्या प्लेटखाली फेल्ट.

स्टँड, सतरंजी आणि वायरीला 3 हजार बाजूला ठेवा. जोडी 12च्या आत.

सोल्डरगन:
12 हजारांत वापरलेली जोडी बघणार असाल तर मल्टिमीटर घेऊन जा. वायर काढून टर्मिनलवर ओहम मोजा: 8 ओहमचा स्पीकर 6 ते 7 दाखवतो, 3 ते साडेतीन दाखवला तर तो 4चा आहे, मागे काहीही छापलेलं असो. आकडा ठरतच नसेल, वर जात राहिला, तर वूफर तुटलेला. पण मीटरवर ट्वीटर दिसत नाही, कारण त्याच्या वाटेत क्रॉसओव्हरचा (वूफर-ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर असतो. त्यासाठी कान ट्वीटरजवळ नेऊन हळू आवाजात ऐका.

मग जाळी काढा. शंकूभोवतीची कड रबराची का फोमची ते बघा. फोम काही वर्षांत कुजतो, बोट लावलं की भुगा होतो. रबर टिकतं. शंकूच्या मध्यावर दोन्ही अंगठे समोरासमोर ठेवून अगदी हलकं आत दाबा. घासल्याचा ‘खर्र’ लागला तर कॉइल सरकलेली आहे, जोडी सोडून द्या. ट्वीटरचा घुमट चेपलेला असेल तरी सोडा.

मंद्रसप्तक:
लॅपटॉपचं विचारायचं राहिलं. हेडफोनच्या भोकातून आरसीएला जोडून शेजारच्यांचे स्पीकर लावून पाहिले. चार्जर लावला की गुणगुण येते.

सोल्डरगन:
चार्जर काढल्यावर जात असेल तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमधून नको तो करंट फिरतोय. लॅपटॉप आणि अँप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बरेचदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. चार्जरची अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती जीव वाचवण्यासाठी आहे. लॅपटॉपचा आवाज नव्वद टक्क्यांवर ठेवून कमी-जास्त अँपवर करा, म्हणजे सरसर कमी येईल.

वायर महाराणी रोडवर घ्या: तांब्याची, बारीक तारांची, 1.5 चौ. मि.मी., दोन रंगांची. टोक चाकूनं खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. पाच मीटरला जाऊन-येऊन 0.12 ओहम, 8 ओहमपुढे काहीच नाही. दोन्ही बाजूंना लांबी सारखीच ठेवा. ‘ऑडिओफाइल’ वायरीवर एक रुपया घालू नका.

डग्गा:
जोडल्यावर एकच तपासणी, आणि त्यासाठी तुमची मोनो ध्वनिमुद्रणं फार कामाची. मोनो लावलं की गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, भिंतीच्या पुढे बसलेला ऐकू यायला हवा. गळा पसरला, जागा सापडेना, खर्ज गेला, तर एका बाजूची लाल-काळी उलटी झाली आहे. अँप बंद करून फक्त एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करा. तरी शंका राहिली तर तारा अँपपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: धन लालला, ऋण काळ्याला. वूफरचा शंकू बाहेर आला पाहिजे, दोन्हीकडे सारखाच.

मंद्रसप्तक:
सेल आणून ठेवला. रविवारी स्टँडचं माप द्यायला लोहामंडीत जातो. आधी जोडी ठरवून ट्वीटरची उंची प्रत्यक्ष मोजेन, 22 गृहीत धरणार नाही.