लाईन म्हणजे नक्की काय?

सांगलीत आमच्या घराचा वरचा मजला बांधायला काढलाय. काल गवंडीमामा बिगाऱ्यावर ओरडले, "अरं, लाईनदोरी ताणून धर की!" मला हसू आलं. लाईन मुळात दोरीच. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. त्या झाडाच्या धाग्याला 'लिनेआ' म्हणत, त्यावरून इंग्रजीत लाईन आली. आपण जवसाची चटणी खातो, तेच जवस! लाईनदोरी म्हणजे दोरीदोरी झाली.

ताणलेल्या दोरीवरून रेघ, रेघेवरून ओळ, रांग, हे सरळ आहे. (दोन लाईनी लिहिल्या म्हणण्यापेक्षा मला दोन ओळीच बऱ्या वाटतात.) पण आमच्याकडे या शब्दाचा खरा रुबाब शेतात. कृष्णेवरून पाणी आणलेल्या गावात "लाईन फुटली" म्हणजे पाईपलाईन आणि रात्री "लाईन आली का?" म्हणजे थ्री फेज वीज. "लाईन आलीय, पण लाईन फुटलीय" हे वाक्य पुण्याच्या पाहुण्याला समजावताना माझी दमछाक झाली होती.

लहानपणी वाटायचं, पोलीस लाईनीत पोलीस दिवसभर रांगेत उभे असतात. छावणीत शिपायांच्या बराकी ओळीनं असायच्या, म्हणून इंग्रज त्या वस्तीलाच लाईन्स म्हणायचे. "पोरगं कुठल्या लाईनीत आहे?" यातला धंदाही इंग्रजीतूनच आला. लाईन मारणं मात्र आपल्याकडचं, ते इंग्रजाला सांगूनही कळायचं नाही.

मिरजकर: रेल्वेला विसरलात होय? मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशा तिन्ही लाईनी होत्या. पुढच्या स्टेशनानं 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. थोरलीचं लग्न उरकलं की धाकटीला आम्ही तेच म्हणतो, "आता तुझी लाईन क्लिअर!"

तासगावकर: आमची आज्जी 'लायनीत' म्हणते, 'लाईनमध्ये' कधीच नाही. पण ती लाईन का, तो लाईन का नाही?

मूळ लेखक: माझा अंदाज, दोरी, रेघ, ओळ, रांग, तार या सगळ्या 'ती'च. पाहुणी त्यांच्याच पंगतीला बसली. आणि शिंपी अस्तराला लायनिंग म्हणतो ना, तेही याच घरातलं. तिकडे कपड्याला आतून लिनन लावायचे, म्हणजे परत जवसच.