मदत हवी आहे: तांबाकाट्याजवळच्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास रखडलाय, तळमजल्याच्या गाळेवाल्यांनी काय करावं?

नमस्कार मंडळी,

मुंबईत पागडीच्या (ठोक रक्कम देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या जागांच्या) इमारतीचा पुनर्विकास ज्यांनी पार पाडलाय किंवा अजून त्यात अडकलेत, त्यांनी कृपया हे पूर्ण वाचावं. नव्या संमतिपत्रावर सह्या करायच्या की नाही, हे आम्हाला लवकरच ठरवायचंय.

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, पायधुणीजवळ, तांबाकाट्याच्या बाजूला. गाळा आजोबांनी पागडीवर घेतला, आता मी आणि काका बसतो. इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, लाकडी जिन्याची, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), तीही 'अ' वर्गातली, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली. वर बिऱ्हाडं, मध्ये एक-दोन कचेऱ्या आणि गोदामं, खाली आम्ही गाळेवाले. मागच्या सज्जाला कित्येक पावसाळ्यांपासून टेकू लावलेले आहेत.

मालकाने विकासक आणला. विकास नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, प्रस्ताव गेला, भाडेकरूंची ५१ टक्क्यांच्या वर संमती जमली, म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) दुरुस्ती मंडळाचं ना-हरकत पत्रही आलं. वरच्या दोन मजल्यांवरची बरीच बिऱ्हाडं भाड्याचे धनादेश घेऊन विरार-डोंबिवलीकडे गेली. काही काळाने धनादेश वटेनासे झाले, मग यायचेच थांबले. विकासक म्हणतो पैसा उभा राहत नाही, मालक म्हणतो विकासकाला विचारा. वरच्या रिकाम्या खोल्यांना कुलपं आहेत, कौलं फुटली तरी बघायला कुणी नाही, आणि पावसाचं पाणी थेट तिसऱ्या मजल्याच्या लाकडी तुळयांत मुरतंय.

आता विकासक आणि मालक दोघंही सगळ्यांना सांगत सुटलेत की काम अडलं ते दुकानदारांमुळे. बाहेर गेलेली मंडळीही आमच्याकडे तशाच नजरेने बघायला लागलीयत. हे मला फार लागतं. यातल्या कितीतरी घरांच्या लग्न-मुंजीची भांडी आमच्याच दुकानातून गेलीयत.

आमचा पुनर्विकासाला विरोध नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. ती तर भेंडीबाजारच्या १६.५ एकरांच्या मोठ्या योजनेतली इमारत होती. योजना कागदावर असणं आणि माणूस सुरक्षित असणं यांत किती अंतर असतं ते आमच्या हाकेच्या अंतरावर दिसलंय. वरून माती पडली की काका आजही आधी बाहेर रस्त्यावर येतात, मग गल्ल्याकडे बघतात.

सही अडलीय ती नकाशावर. नव्या इमारतीत रस्त्याच्या कडेची सगळी दर्शनी जागा विक्रीच्या दुकानांना दाखवलीय. आम्हा जुन्या गाळेवाल्यांना पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला. नियम काढून वाचला. राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र, आणि बिगरनिवासी भाडेकरूला जुन्या जागेएवढं क्षेत्र. गाळा रस्त्यालगतच हवा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. विकासक याच ओळीवर बोट ठेवतो: तुमचे फूट तुम्हाला मिळतायत, मग तक्रार कसली?

बाहेरच्यांना ही कुरकुर वाटेल, म्हणून आमचा धंदा कसा चालतो ते सांगतो. आमच्याकडे माल किलोवर जातो. गिऱ्हाईक घरची जुनी मोड गोणीत बांधून आणतं. फुटका बंब, चेपलेली घागर, आजीचं घंगाळ. ती काट्यावर ठेवायची, मोडीचा भाव वजा करायचा आणि नव्या भांड्याचे वरचे पैसे घ्यायचे. गोणी वीस-पंचवीस किलोची सहज असते आणि आणणारी बहुतेक वेळा साठीच्या पुढची बाई, टॅक्सीतून दुकानाच्या दारात उतरलेली. ती जिना चढून मागच्या गाळ्यात येणार नाही. माल हातगाडीवरून येतो आणि हातगाडी लिफ्टमध्ये शिरत नाही. धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात अर्धा माल दुकानाच्या पुढ्यात मांडलेला असतो, तो बघूनच लोक थांबतात. पहिल्या मजल्यावर गेलो तर चौरस फूट राहतील, दुकान राहणार नाही.

दुसरं, मोजमाप. विकासकाचा माणूस टेप घेऊन आला तेव्हा मी हजर होतो. त्याने शटरच्या आतून मागच्या भिंतीपर्यंत मोजलं. पोटमाळा सोडला, कारण त्याच्या म्हणण्यानुसार तो मंजूर नाही. पुढचा दगडी ओटाही सोडला. ओट्यावर काट्याचे खिळे रुतलेल्या खुणा आहेत, आजोबांच्या काळापासूनच्या. पोटमाळ्यावर आमचा निम्मा साठा असतो. भाडेपावतीवर 'माळ्यासह' असं हाताने लिहिलेलं आहे, पण ती पावती जुनी आहे आणि नंतरच्या छापील पावत्यांवर तो शब्द नाही.

तिसरं, मधला काळ. राहणाऱ्यांना संक्रमण शिबिर तरी असतं. दुकानाला काय? तीन वर्षं म्हणतील, पाच होतील. एवढ्या काळात गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळतं, कारागीर गावाला जातात. मेट्रो-३ साठी काळबादेवी-गिरगावातल्या ज्या इमारती पाडल्या, त्यांतल्या लोकांना त्याच भागात परत जागा द्यायचं ठरलं होतं. मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरूही झाली. त्या इमारतींतले कुणी दुकानदार इथे असतील तर मधल्या काळाचं भाडं कोणत्या हिशोबाने ठरलं, ते कृपया सांगा.

आणि पुढचा रस्ता कोणता? म्हाडा कायद्याचं कलम ७९-अ आलं, त्यात इमारत धोकादायक असल्याची नोटीस आली की मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव आणला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, आणि तेही जमलं नाही तर म्हाडा स्वतः ताबा घेऊन बांधणार. अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांसाठी ९१-अ आहे. पण जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ७९-अ च्या नोटिसांवर कडक ताशेरे ओढले, तेव्हापासून आमच्या इमारतीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो संस्था करू. दुसरा म्हणतो थांबू, शेजारच्या इमारती मिळून ३३(९) चा समूह पुनर्विकास होईल. त्याला शहरात किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते. आमच्या गल्लीत दोन मालकांचं एकमेकांशी बोलणं नाही, एवढे सगळे एकत्र कधी यायचे?

मला नेमकं विचारायचंय ते हे: रस्त्यालगतचा गाळा करारात बांधून घेता येतो का, पोटमाळ्याचं क्षेत्र कशाच्या आधारे मिळवता येतं, आणि विकासक बदलायचा झाल्यास सुरुवात कुठून करायची. वकील करणारच आहोत. पण वकिलाकडे जाण्याआधी भोगलेल्या माणसांकडून ऐकायचंय.

प्रतिसाद १

मी गिरगावातला. आमचं स्टेशनरीचं दुकान होतं, आता नव्या इमारतीत आहे आणि तळमजल्यालाच आहे. त्यामुळे होतं, हे आधी सांगतो.

नियमात दर्शनी जागेचा हक्क नाही हे तुम्ही बरोबर वाचलंत. म्हणूनच तो करारातून मिळवावा लागतो. संमतिपत्र आणि करार यांत गल्लत करू नका. संमतिपत्रावर सही म्हणजे प्रकल्पाला होकार, त्यात तुमच्या गाळ्याचं काहीच नसतं. तुम्हाला हवा तो पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार, प्रत्येक गाळेवाल्याचा वेगळा, त्याला नकाशा जोडलेला, नकाशावर तुमचा गाळा रंगवून दाखवलेला. मजला, गाळा क्रमांक, रस्त्याकडची रुंदी आणि आतली उंची हे चारही लिहून घ्या. उंचीचं लोक विसरतात. पोटमाळा नाही दिला तरी उंची चांगली असली तर फळ्या ठोकून साठा करता येतो. आणि या कराराची नोंदणी होईपर्यंत किल्ली देऊ नका.

पोटमाळ्यासाठी दुरुस्ती मंडळाकडची भाडेकरूंची प्रमाणित यादी आधी काढा. त्यात तुमच्या नावापुढे किती क्षेत्र आहे ते बघा. विकासकाचा टेप महत्त्वाचा नाही, ती यादी महत्त्वाची. चूक असेल तर आत्ताच लेखी हरकत घ्या, इमारत उभी आहे तोवर. पाडल्यावर पोटमाळा होता हे कशाने दाखवणार? 'माळ्यासह' लिहिलेली पावती जपा, जुना गुमास्ता परवाना, विजेची बिलं, महापालिकेच्या कर आकारणीचा उतारा, सगळं गोळा करा. फोटो काढताना माळ्याच्या तुळया आणि भिंतीतली खाच दिसेल असे काढा, म्हणजे तो मागाहून ठोकलेला नाही हे कळेल.

मधल्या भाड्याचं आम्ही असं केलं: वर्षाचं आगाऊ, पुढचे धनादेश तारखा घालून, आणि उरलेल्या काळासाठी बँक हमी. हमीला विकासक शेवटपर्यंत नाही म्हणत होता. आम्ही सगळे गाळेवाले एकत्र होतो म्हणून झालं. एकेकट्याला बोलावून गाळा बदलून देतो म्हणतील, त्याला भुलू नका.

प्रतिसाद २

मी दुकानदार नाही. आमची खोली अशाच एका इमारतीत होती, भुलेश्वरात. भाडं बंद झालं तेव्हापासून नालासोपाऱ्यात स्वतःच्या खिशातून भरतोय. आई तिथेच गेली, 'आपल्या खोलीत परत कधी' विचारत.

तुमचं दुःख खरं आहे, पण तुमचा धंदा निदान चालू आहे. आमच्या इमारतीत गाळेवाले आणि आम्ही वेगवेगळ्या सभा घ्यायचो आणि विकासक दोन्हीकडे वेगळं सांगायचा. आम्हाला म्हणायचा दुकानदार जादा जागा मागतात, त्यांना म्हणायचा खोलीवाले जादा भाडं मागतात. खूप उशिरा कळलं. बाहेर गेलेल्यांचे फोन नंबर गोळा करा आणि एकदा सगळ्यांना तुमच्याच दुकानासमोर बोलवा. ५१ टक्के तुमच्या एकट्याने होणार नाहीत, आमच्यासारख्यांशिवाय संस्था बनत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले रविवारी बोलाव सगळ्यांना. चौथ्या मजल्यावरच्या तिघांशी फोन झालेत, बाकीच्यांचे नंबर शोधतोय. सभेत आधी थकलेल्या भाड्याचा विषय घेणार, मग संस्थेचा, गाळ्यांचा सगळ्यात शेवटी.

एक राहिलं. पावती अजून आजोबांच्या नावावर आहे. वडील आणि काका दोघंही आजोबांबरोबर दुकानात बसायचे, वडील आता नाहीत. चुलतभावाचं म्हणणं त्याचाही हिस्सा आहे. प्रमाणित यादीत नाव कुणाचं लागेल?

प्रतिसाद १

भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७(१५) बघा. धंद्याच्या जागेत, भाडेकरू वारला त्या वेळी त्याच्या कुटुंबातलं जो कुणी तिथे धंदा करत होता तो भाडेकरू धरला जातो. असं कुणी नसेल तर वारस, आणि आपसांत जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणजे काकांची बाजू भक्कम आहे, तुमच्या वडिलांचीही होती. पण हा वाद यादीपर्यंत नेऊ नका. नावावरून भांडण दिसलं की विकासक तुमचा गाळा 'वादग्रस्त' म्हणून बाजूला ठेवतो आणि त्याचं भाडंही थांबवतो. चुलतभावाला रविवारच्या आधी घरी बोलवा, जे ठरेल ते लिहून नोंदवा आणि मालकाला पावती बदलून द्यायचं पत्र पोचपावतीसह द्या. त्याने नाही बदलली तरी पत्राची प्रत मंडळाच्या फाइलला लावता येते.