प्राण्यांचे गट शरीराच्या लक्षणांवरून शिकवणं आता बंद करायला हवं का?

कोथरूडकर_बाबा: लेकीची दहावी चालूये. क्लासच्या नोट्समधून घोकतीये, मत्स्य उभयचर सरीसृप पक्षी सस्तन, प्रत्येकाची लक्षणं आणि दोन-दोन उदाहरणं. परवा विचारते, सरीसृपांचं हृदय तीन कप्प्यांचं तर मगरीचंच चार कप्प्यांचं कसं? नोट्समध्ये नुसतं 'अपवाद' लिहून मोकळे. अहो अपवाद कसला, मगरीचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे नातेवाईक पाली-साप नाहीतच, पक्षी आहेत! खवले दिसले की टाक सरीसृपात, हा प्रकार बंद करा आणि सरळ उत्क्रांतीचं झाड शिकवा, म्हणजे कोण कुणाचा किती जवळचा नातेवाईक ते.

आगाऊ_पेठकर: म्हणजे कोंबडी सरीसृप? मग कात्रजच्या सर्पोद्यानात खुराडं बांधायला सांगू का.

कोथरूडकर_बाबा: थट्टा करा, पण नात्याने हिशोब मांडला तर हो, पक्षी त्याच कुळात येतात.

सर्पमित्र_मुळशी: साहेब पावसाळ्यात ताम्हिणीकडे या एकदा. फोन येतो, काळा साप निघालाय लवकर या, जाऊन बघावं तर देवगांडूळ, आणि चार जण काठ्या घेऊन तयारच. मी ते ओल्या हातावर घेऊन दाखवतो, हे बघा खवले दिसतात का, कातडी ओली बुळबुळीत, अंगभर कड्यांसारख्या वळ्या, हा साप नाही हा बेडकांच्या बाजूचा, उभयचर, माणसाला काही करत नाही. मग काठ्या खाली जातात. तिथे बांधावर उभं राहून मी डीएनए काढू का झाड?

कोथरूडकर_बाबा: बरं, मग खवल्या मांजराचं काय? अंगभर खवले, तोंडात दात नाहीत. तुमच्या हिशोबाने सरीसृपच की.

सर्पमित्र_मुळशी: पोटाकडे केस असतात त्याला. पिल्लाला दूध पाजतं. नीट बघितलं तर लक्षणच सांगतं की सस्तन आहे, वरवर बघणाऱ्याला काय वटवाघूळ पण पक्षी वाटतं.

निवृत्त_मास्तर: हेच लिहिणार होतो. देवमासा माशांतून बाहेर काढला तो सजीवांच्या वर्गीकरणाचं पुस्तक लिहिणाऱ्या लिनियसनेच, त्या पुस्तकाच्या १७५८ च्या आवृत्तीत, आणि तेव्हा कुठलं आलंय डीएनए? फुप्फुसं, दूध, हृदयाचे कप्पे हेच बघून काढला. त्याच माणसाने त्याच पुस्तकात शार्क मात्र साप-बेडकांच्या पंगतीला बसवला हेही खरं, पण तो नंतरच्यांनी शरीररचना बघूनच उठवला ना. आणि बाबासाहेब, पक्षी डायनासोरच्या वंशातले हे तुम्हाला कशावरून कळलं? डायनासोरचं डीएनए कुणाकडेच नाही. हाडांवरून कळलं. तुमचं झाड लक्षणांच्याच मुळांवर उभंय.

कोथरूडकर_बाबा: मास्तर, हाडांशी माझं भांडण नाहीये हो. भांडण आहे ते पाच रकान्यांच्या तक्त्याशी, ज्यात पोरं का विचारतच नाहीत आणि ज्या पोरीने विचारलं तिला 'अपवाद' म्हणून गप्प केलं जातं.

निवृत्त_मास्तर: मग धाग्याचं नाव बदला, लक्षणं नाही, नोट्स बंद करा म्हणा. पहिली सही माझी.

आगाऊ_पेठकर: दुसरी कोंबडीची.