लिशियन वे: ऑक्टोबरमध्ये दहा दिवस, कोणता टप्पा चालावा?

डोंगरवारा

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचा लिशियन वे चालायचं ठरतंय. दोघं जण, ऑक्टोबरच्या मध्यात, चालायला दहा दिवस. सह्याद्रीत सॅक पाठीवर घेऊन दोन-तीन दिवसांचे ट्रेक करायची सवय आहे. पूर्ण वाट 540 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ती दहा दिवसांत होणार नाही हे उघड आहे. आम्हाला जुने अवशेष सगळ्यात महत्त्वाचे, त्याखालोखाल समुद्र आणि गावं.

कुठून कुठपर्यंत चालावं? तंबू न्यावा की गावात राहावं? पाणी वाटेत मिळतं का? आणि वाटेवरच्या खुणांवर कितपत भरवसा ठेवायचा?

कातळवाट

सलग दहा दिवस एकच पट्टा चालण्याचा हट्ट धरू नका. ही वाट बराच काळ डी-400 या किनारी महामार्गाच्या जवळून जाते. त्यामुळे नको तो भाग दोल्मुशने, म्हणजे गावोगावच्या मिनीबसने, सहज वगळता येतो. सपाटीवरचे काही तुकडे डांबरी रस्ता आणि प्लॅस्टिकची हरितगृहं यांच्यामधून जातात. फिनिके ते कुमलुजा हा त्यातला मोठा पट्टा. तिथे पाय झिजवून हाती काही लागत नाही.

माझं मत असं: ओवाजिक ते पातारा हा पश्चिमेचा भाग, मग बसने काश, आणि काश ते उचआज. विमानतळ दालामान. तिथून बसने फेतिये आणि फेतियेहून दोल्मुशने ओवाजिक. परतीला अंताल्या सोयीचं.

पहिला दिवस ओवाजिक ते फाराल्या, सहा ते सात तास. बाबादा डोंगराच्या उतारावरून चढत जाताना खाली ओलुदेनिझची खाडी दिसते. सगळे तिथेच फोटोसाठी रेंगाळतात आणि फाराल्याला पोहोचेपर्यंत अंधार पडतो. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो, तेव्हा सकाळी आठच्या आत निघा.

दुसरा दिवस फाराल्या ते काबाक, छोटा आहे. समुद्रात डुंबायला वेळ मिळतो, पाणी ऑक्टोबरमध्येही बऱ्यापैकी कोमट असतं. तिसऱ्या दिवशी काबाकहून आलिंजा. अंतर थोडं, पण समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर चढ आहे. उन्हाच्या आधी उरकला तर बरा. पुढे गेय आणि बेल, तिथून गावुरआलीकडे उतार. मोठी सॅक असेल तर हा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, काठ्या हव्यातच.

पुढे लेतून आणि क्सांथोस या प्राचीन स्थळांकडे जाताना पुन्हा हरितगृहांचा पट्टा लागतो. तिथे दोल्मुश किंवा टॅक्सीने वेळ वाचवा आणि तो वेळ अवशेषांना द्या.

खुणा पांढऱ्या-लाल अशा दोन आडव्या पट्ट्यांच्या. पट्टे वळवून काढलेले असतील तर वाट वळते. लाल फुली म्हणजे इकडे जाऊ नका. मोठ्या फाट्यांवर पिवळ्या पाट्या असतात. खुणा नाहीशा होण्याचं मुख्य कारण म्हणजे नवे रस्ते. बुलडोझरने डोंगर कापला की खूण असलेला दगडच जातो. दुसरी अडचण शेळ्यांच्या वाटांची. त्या मूळ वाटेपेक्षाही जास्त मळलेल्या दिसतात. पाच मिनिटं चालून खूण दिसली नाही तर मागच्या खुणेपर्यंत परत या, अंदाजाने झाडीतून खाली उतरू नका. तिथली झुडपं काटेरी आणि दाट, दहा मीटर जायलाही घाम फुटतो. फोनवर ऑफलाइन नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट दाखवणारी) आधीच घेऊन ठेवा.

टाकंपाणी

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे मुक्काम पाण्यावरून ठरवावा लागतो.

सगळा डोंगर चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी भेगांतून आत झिरपतं, वर ओढे राहत नाहीत. म्हणून लोकांनी वाटेवर सार्निच बांधली: दगडी, घुमटाकार छपराची पावसाच्या पाण्याची टाकी. आपल्या किल्ल्यांवरची टाकी डोळ्यांपुढे आणा, फक्त वर घुमट. ऑक्टोबरचा मध्य म्हणजे कोरड्या उन्हाळ्याचा शेवट, टाक्यांमधलं पाणी तेव्हा सगळ्यात खाली गेलेलं असतं. नकाशावर टाकं दिसलं म्हणून त्यात पाणी असेलच असं धरू नका. नंतरचा पाऊस चांगला होईपर्यंत गावातला नळ किंवा झरा हाच आधार.

माणशी तीन लिटर घेऊन निघा, लांबच्या निर्मनुष्य टप्प्यांवर चार ते पाच. काश सोडल्यावर लिमानआझीपासून किलिंचलीपर्यंतचा भाग त्यातला. सात-आठ मीटर बारीक दोरी आणि घडीची बादली सोबत असू द्या, कारण पाणी खोल गेलं की हात पोचत नाही आणि तिथली दोरी तुटलेली असू शकते. पाण्यात पानं आणि लेंड्या पडलेल्या असतात. आधी कापडातून गाळा, मग फिल्टर, मग क्लोरीनची गोळी टाकून निदान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, म्हणून क्रम चुकवू नका.

तंबूचं म्हणाल तर पश्चिमेच्या या भागात गरज नाही. बहुतेक मुक्कामी पान्सियोन, म्हणजे घरगुती निवास, मिळतो आणि रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता त्यातच. तंबू, स्टोव्ह, मॅट नसल्याने वाचलेलं वजन पाण्याला द्या. लहान गावात दोनच घरं खोल्या देत असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून ठेवा. एटीएम फेतिये, ओलुदेनिझ, कालकान, काश अशा मोठ्या ठिकाणीच, तेव्हा मधल्या दिवसांचे लिरा रोख जवळ हवेत. तंबू नेलाच तर गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिकडेच घ्यावा लागेल. जंगलात आग पेटवू नका. तिथल्या पाइनच्या जंगलांत वणव्याचा धोका मोठा असतो.

बूट कडक तळव्याचे घ्या. पावसाने झिजलेल्या चुनखडीच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात, मऊ जाळीचे बूट त्यावर फाटतात.

भग्नशिल्प

अवशेष हेच मुख्य असेल तर या ठिकाणांना घाईत उरकू नका.

सिदिमा: आलिंजा ते बेल या भागात एक फाटा दोदुर्गा गावातून जातो. जुनं शहर आणि आजचं गाव तिथे एकमेकांत मिसळलेलं आहे. घराच्या भिंतीत कोरीव दगड, शेताच्या बांधावर थडगी. कुंपण नाही, गर्दी नाही. लोकांच्या अंगणातून जाताना मात्र आधी विचारा.

लेतून आणि क्सांथोस: दोन्ही मिळून 1988 पासून जागतिक वारसा यादीत. लेतूनला लेतो, आर्तेमिस आणि अपोलो या ग्रीक देवतांची तीन देवळं शेजारी शेजारी आहेत. भूजल वर असल्याने काही भाग पाण्यात असतो. इथेच 1973 मध्ये ग्रीक, लिशियन आणि अरामी अशा तीन भाषांतला शिलालेख सापडला. तो फेतियेच्या संग्रहालयात आहे, तेव्हा चालायला लागण्याआधी तो बघून घ्या. क्सांथोसच्या हार्पी थडग्यावरचे मूळ शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्ये गेले, जागेवर दिसतात त्या प्रतिकृती.

देलिककेमेर: पातारा ते कालकान या वाटेवर. माझ्या मते अख्ख्या वाटेवरचं हे सगळ्यात विचारपूर्वक केलेलं बांधकाम. पाताराला पाणी नेताना मध्ये खोलगट खिंड आली. रोमन स्थापत्यकारांनी कमानींऐवजी भक्कम भिंत बांधली आणि तिच्यावर बंद दगडी नळ टाकला. पाणी एका बाजूने खाली येतं आणि त्याच दाबाने दुसऱ्या बाजूला वर चढतं. जवळ जाऊन एकेक दगड बघा: मधोमध गोल भोक, एका तोंडाला बाहेर आलेली कड, दुसऱ्या तोंडाला ती बसेल अशी खाच. एक सांधा गळला तर सगळा दाब जातो, म्हणून इतकं नेमकं काम. वाट थेट भिंतीपाशीच येते. वर चढून नळाच्या दगडांवर पाय देऊ नका, काही सुटे आहेत.

पाताराच्या वाळूवर समुद्री कासवं अंडी घालतात. अंडी घालण्याच्या मोसमात रात्री किनारा बंद असतो, तिथे तंबूचा बेत नको.

आपेर्ले: काश-उचआज भागात. शहराचा खालचा भाग समुद्रात गेलाय, उथळ पाण्यात भिंतींच्या रेघा काठावरूनच दिसतात. म्युरेक्स शंखांपासून जांभळा रंग काढायचा इथला धंदा होता, शंखांचे तुकडे अजून पडलेले आहेत. उचलून आणू नका. अशा वस्तू तुर्कस्तानातून बाहेर नेणं गुन्हा आहे.

डोंगरवारा

खूप मदत झाली, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. काश-उचआजऐवजी पूर्वेचा गेलिदोन्या दीपगृहाचा टप्पा घेतला तर? आणि मेंढपाळांच्या कुत्र्यांबद्दल बरंच वाचलं, ते खरंच त्रासदायक असतात का?

कातळवाट

गेलिदोन्या देखणा आहे, पण अवशेषांसाठी जात असाल तर काश-उचआजच घ्या. काराओझहून दीपगृहामार्गे आद्रासान हा पूर्ण दिवसाचा टप्पा आहे, आठ-नऊ तास, मध्ये गाव नाही आणि पाणीही नाही. ऑक्टोबरच्या लहान दिवसात तो उजाडताच सुरू करावा लागतो. दिवस उरलेच तर आद्रासान ते ओलिंपोस घ्या. मुसा डोंगराची खिंड ओलांडून वाट थेट ओलिंपोसच्या अवशेषांत उतरते. तिथून चिराली जवळ आहे. तिथे रात्री यानारताशला जाऊन कातळातून येणाऱ्या वायूच्या ज्वाळा बघता येतील, विजेरी न्या.

काशहून निघताना लिमानआझीकडे उतरणारा भाग उभा आहे. पाठीवर वजन असेल तर बंदरातून होडीने लिमानआझी गाठा आणि तिथून चालायला लागा.

कुत्री कळप राखतात, माणसामागे लागणं हे त्यांचं काम नाही. कळप दिसला की लांबचा वळसा घ्या. भुंकत आलीच तर पळू नका, काठी उगारू नका, जागेवर थांबून मेंढपाळाला हाक मारा. तो जवळपासच असतो. तरी पुढे येत राहिली तर खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा, बहुतेक कुत्री त्यावर मागे सरकतात. चावा बसला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. आपत्कालीन क्रमांक 112.

टाकंपाणी

व्हिसाचं आत्ताच बघा. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सरसकट मिळत नाही, त्यासाठी शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा वा निवास परवाना लागतो. तो नसेल तर कागदपत्रं देऊन नेहमीचा व्हिसा काढावा लागेल. विमानाची तिकिटं त्यानंतर.