८.२ टक्के वाढ आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील वाद (विश्रामबाग, सांगली; २०२५ च्या अखेरीस)

अण्णा (ब-२०३): सन्माननीय सभासदांनो, जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था ८.२ टक्क्यांनी वाढल्याचे तेच ते चित्र कालपासून चार जणांनी टाकले आहे. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल आणि तासगावच्या शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायका या आकड्यात कुठे मोजल्या जातात, एवढे मला कोणीतरी सांगावे.

खजिनदार (अ-१०१): पहिले चित्र मीच टाकले होते. आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा आहे, माझ्या घरचा नाही. चांगल्या बातमीत खोट काढण्याची आपली हौस ग्रुपला नवीन नाही, अण्णा.

सर (क-३०४): खजिनदारांचा मान राखून सांगतो, की त्याच प्रसिद्धिपत्रकात चालू किमतींनुसारची, म्हणजे भाववाढ न वगळलेली, वाढ ८.७ टक्के दिली आहे, म्हणजे भाववाढ जेमतेम अर्धा टक्का धरली गेली. आपल्याकडे भाववाढ वजा करण्यासाठी बऱ्याच ठिकाणी घाऊक किमतींचा निर्देशांक वापरला जातो. त्या किमती दबलेल्या असल्या, की तेवढ्याच उलाढालीतून खरी वाढ अधिक दिसू शकते.

माई (अ-२०२): अर्धा टक्का भाववाढीचे दुकान कुठे आहे, तो पत्ता सरांनी टाकावा. आम्ही सगळ्या रिक्षा करून जाऊ.

खजिनदार (अ-१०१): भाजी यंदा स्वस्त होती, माई. तेव्हा कोणी आभाराचा संदेश टाकला नाही.

अण्णा (ब-२०३): मार्केट यार्डातील हमाल आणि तासगावच्या शेडवरील बायका या आकड्यात कुठे मोजल्या जातात?

सर (क-३०४): दर तिमाहीला त्यांच्यापर्यंत कोणी जात नाही. असंघटित क्षेत्राचा अंदाज आधारवर्षाच्या, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती पाया धरतात त्या वर्षाच्या, पाहणीवरून बांधतात आणि पुढे इतर निर्देशकांच्या, बऱ्याचदा संघटित उद्योगांच्याच, आधाराने वाढवत नेतात. २०१६ ची नोटाबंदी आणि त्यानंतरचा जीएसटी यांत लहान धंद्यांना जो मार बसला तो मोठ्या कंपन्यांना बसला नाही, त्यामुळे एकाच्या वाढीवरून दुसऱ्याची वाढ ठरवणे शंकास्पद झाले. आधारवर्ष अजून २०११-१२ चेच आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या राष्ट्रीय लेख्यांना, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या या हिशेबाला, ‘सी’ (चारपैकी तिसरी) श्रेणी दिली, त्यामागे हेही एक कारण आहे.

खजिनदार (अ-१०१): परदेशी संस्थेचे प्रमाणपत्र आम्हाला नको.

ड-१०२: काका, याच नाणेनिधीचा वाढीचा अंदाज दसऱ्याला आपणच फटाक्यांच्या चित्रासह टाकला होता.

माई (अ-२०२): 😄

खजिनदार (अ-१०१): आपण पुण्यात राहून भाडेकरू ठेवता, तेव्हा आधी त्याची पोलीस पडताळणी पूर्ण करावी.

सचिव: विनंती आहे की विषय सोडू नये.

सर (क-३०४): हा विषय एका पक्षाचा नाही. २०१५ साली आधारवर्ष बदलले, तेव्हा २०१३-१४ ची वाढ ४.७ वरून ६.९ टक्के झाली, म्हणजे मागच्या सरकारचेच वर्ष सुधारले. उलट नोव्हेंबर २०१८ मध्ये जुन्या वर्षांचे आकडे नव्या आधारवर्षाने मांडताना २०१०-११ ची वाढ १०.३ वरून ८.५ वर आली आणि ती जाहीर करताना सरकारला धोरणे सुचवणारा नीती आयोग व्यासपीठावर होता. सांख्यिकीच्या कामात त्याचे काय प्रयोजन होते, हे मला आजही पटलेले नाही. पुढे जानेवारी २०१९ मध्ये बेरोजगारीचा अहवाल अडकून पडल्यावर सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आणि ६.१ टक्के बेरोजगारीचा तो अहवाल लोकसभा निवडणूक आटोपल्यावर प्रसिद्ध झाला. आपल्या सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सभेच्या आदल्या रात्री हाती पडतो, तेव्हा त्यातली बरोबर बेरीजही लोक दोनदा तपासतात.

खजिनदार (अ-१०१): हा टोला कोणाला आहे, हे समजण्याइतका मी लहान नाही. टँकरची सर्व बिले फाईलमध्ये आहेत.

अण्णा (ब-२०३): फाईल राहू द्या. मार्केट यार्डातील हमाल आणि तासगावच्या शेडवरील बायका या आकड्यात कुठे मोजल्या जातात?

सर (क-३०४): अण्णा, २०२२-२३ या आधारवर्षाची आकड्यांची नवी मालिका २७ फेब्रुवारी २०२६ रोजी जाहीर होणार आहे. तीत असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहणीचा वापर किती केला आहे आणि कच्चा माल व पक्का माल यांची भाववाढ वेगवेगळी वजा केली आहे का, हे आधी पाहू.

खजिनदार (अ-१०१): आणि नवा आकडा आठच्या वर निघाला, तर?

सर (क-३०४): पद्धत खुली असेल तर मी स्वतः तो ग्रुपवर टाकीन, फटाके मात्र आपण टाकावेत.